लॅबच्या प्रॉक्सीची डिस्क १०० टक्के भरली, कॅशला तर मर्यादा घातली होती

खाडीकाठची_शाळा
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते, संगणकाची लॅब माझ्याकडे आहे. १८ मशीन, त्यातली ११ विंडोज, बाकीची डेबियन लिनक्स. इंटरनेटची एकच लाइन, १० एमबीपीएसची, आणि मिरग लागला की ती आज आहे तर उद्या नाही. म्हणून चौदा महिन्यांपूर्वी एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ टाकून स्क्विड हा प्रॉक्सी बसवला, म्हणजे सगळ्या मशीनच्या मागण्या त्याच्यामार्फत बाहेर जातात आणि आलेल्या फाइलींची प्रत तो आपल्या साठ्यात (कॅशमध्ये) ठेवतो. ४ जीबी रॅम, २५० जीबीची फिरती हार्ड डिस्क. एका मशीनने उतरवलेलं अपडेट दुसऱ्या मशीनसाठी पुन्हा बाहेरून आणायला लागू नये, एवढाच हेतू होता. आणि खरं सांगते, ते काम त्याने चोख केलं. पूर्वी अपडेटचा दिवस म्हणजे लॅब बंद ठेवायचा दिवस असायचा.

गेल्या मंगळवारी आठवीचा तास होता. मुलं बसली, आणि एकाही मशीनवर पान उघडेना. मला वाटलं लाइन गेली. राउटर बघितला तर दिवे सगळे व्यवस्थित. प्रॉक्सीवर गेले तर स्क्विड बंद पडलेला, चालू केला की लगेच पुन्हा बंद, आणि सिस्टमच्या लॉगमध्ये एकच रड: डिस्कवर जागा नाही.

डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ -एच चं उत्तर: एकूण २२८ जीबी, वापरलेली २१७, उपलब्ध ०, १०० टक्के.

मला कळत नाही ते असं. स्क्विडच्या कॉन्फिगमध्ये कॅशची मर्यादा सांगणाऱ्या कॅश_डिरच्या ओळीत मी २००००० लिहिलं आहे, म्हणजे २ लाख एमबी. डिस्क त्याहून मोठी आहे. मर्यादा घालून दिलेली असताना डिस्क भरलीच कशी?

आतापर्यंत केलेले उपाय: एपीटी क्लीन (उतरवलेली जुनी पॅकेजं पुसणारी आज्ञा) चालवून दीड जीबी सुटली, तेवढ्यावर स्क्विड उठला. दुपारपर्यंत पुन्हा भरली. मग ॲक्सेस.लॉग (कोणत्या मशीनने काय मागितलं त्याची नोंद) बघितला, तो ११ जीबीचा! तो सरळ आरएम केला. डीएफ पुन्हा बघितलं तर काडीचा फरक नाही. ११ जीबीची फाइल पुसली आणि जागा तेवढीच. इथे मी हात टेकले.

आणखी एक. लाईट गेली आणि आली की स्क्विड वर यायला आता पंचवीस-तीस मिनिटं घेतो. सुरुवातीला दोन मिनिटांत यायचा. एरवीही मशीन इतकं अडखळतं की टर्मिनलवर अक्षर टाइप केलं तर उमटायला वेळ लागतो. हे सगळं एकाच दुखण्याचं आहे का? कॅश साठते तो स्पूलचा फोल्डर पूर्ण उडवून टाकू का? सोमवारी पहिला तास लॅबचाच आहे.


फास्टफॉरवर्ड
शनिवार, रात्री १०:३१

सरळ १ टीबीची डिस्क टाका. हल्ली स्वस्त आहेत. मर्यादा ९००००० करा आणि विसरून जा.


जांभा_दगड
शनिवार, रात्री ११:०५

वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका, मॅडम. १ टीबीसुद्धा भरेल, फक्त उशिरा भरेल. मी रत्नागिरीत एका कॉलेजचा प्रॉक्सी नऊ वर्षं सांभाळला आहे आणि तुमच्याच जागी एकदा बसलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आजच्या रात्रीपुरतं. स्पूलला हात लावू नका. पुसलेल्या लॉगची जागा सुटली नाही, कारण स्क्विडने ती फाइल अजून उघडी धरून ठेवली आहे. आरएमने फक्त नाव जातं. जोवर कुठला तरी प्रोग्रॅम ती फाइल धरून आहे तोवर तिची जागा डिस्क परत देत नाही. एलएसओएफ +एल१ चालवा, पुसलेली पण उघडी फाइल तिच्या आकारासकट दिसेल. स्क्विड नीट बंद करून चालू करा, ११ जीबी जागच्या जागी मोकळी होईल. पुढे कधी लॉग रिकामा करायची पाळी आली तर आरएम नको, ट्रंकेट वापरा, त्याने फाइल राहते आणि आतलं रिकामं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्क्विडने तुमची मर्यादा मोडलेली नाही. ती मर्यादा आहे कॅशमध्ये साठवलेल्या वस्तूंची, म्हणजे उतरवलेल्या फाइलींची. डिस्कवर किती भरायचं याचा तो आकडा नव्हे. आंब्याच्या दिवसात माळ्यावर अढी घालतो तेव्हा किती डझनांची घालायची हे आपण ठरवतो. पण पेंढा, रिकाम्या पेट्या, खालच्या खोलीतून वर टाकलेलं सामान, हे सगळं त्याच माळ्यावर असतं. तुमच्या एकाच पार्टिशनवर कॅश, लॉग, सिस्टम आणि कोणाकोणाच्या फाइली अशा सगळ्या नांदत आहेत. स्क्विड फक्त आपल्या आंब्यांचा हिशेब ठेवतो.

त्यात कॅश_स्वॅप_लो आणि कॅश_स्वॅप_हाय हे दोन आकडे, मुळात ९० आणि ९५. म्हणजे दिलेल्या मर्यादेच्या ९० टक्क्यांवर पोचला की तो जुन्या वस्तू काढायला लागतो आणि ९५च्या जवळ गेला की जोरात काढतो. तुमचे २ लाख एमबी म्हणजे डीएफच्या भाषेत १९५ जीबी (तो १०२४ एमबीचा एक जीबी धरतो). तेव्हा तुमचा कॅश १७६ ते १८५च्या मध्ये कुठेतरी स्थिरावलेला असणार. डीयूने मोजून बघा, मी पैजेवर सांगतो.

शिवाय तुमच्या डिस्कवरची एक्स्ट४ फाइल सिस्टम ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टमच्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवते. तुमच्या २२८पैकी साडेअकरा जीबी तशी बाजूला पडलेली. स्क्विड चालतो प्रॉक्सी या युजरच्या नावाने, त्याला ती जागा मिळत नाही. म्हणजे त्याच्या दृष्टीने डिस्क २१६चीच आहे. स्क्विडच्या स्वतःच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे की पूर्ण डिस्क कॅशला द्यायची असली तरी २० टक्के वजा करून उरलेला आकडा लिहा. आणि तेही डिस्कवर दुसरं काही नसेल तेव्हा.

आता खरा प्रश्न: लॉग ११ जीबीचा झालाच कसा? डेबियनमध्ये लॉगरोटेट नावाचा प्रोग्रॅम रोजच्या रोज स्क्विडचे लॉग फिरवतो, म्हणजे जुना बाजूला करून नवा सुरू करतो, आणि मोजकेच जुने ठेवतो. तुमच्याकडे ते चौदा महिने झालेलं दिसत नाही. तुम्ही लॉगची जागा बदलली होती का?

आणि मशीन अडखळतं त्याचं कारण मला रॅम वाटतं. डिस्कवरच्या प्रत्येक जीबीमागे स्क्विड ६४ बिट मशीनवर साधारण १४ एमबी रॅम त्यातल्या वस्तूंच्या सूचीसाठी खातो. १९५ गुणिले १४ म्हणजे पावणेतीन जीबी नुसत्या सूचीला. तुमची रॅमच ४. कॅश_मेम किती ठेवलंय?


खाडीकाठची_शाळा
रविवार, सकाळी ७:५०

दादा, रात्रीच बसले. स्क्विड बंद करून चालू केला आणि डीएफमध्ये ११ जीबी मोकळी दिसली. डोळ्यांवर विश्वास बसेना.

डीयूचा हिशेब देते. स्पूल १८१ जीबी (तुम्ही जिंकलात). सिस्टमचं जर्नल (तिचा स्वतःचा लॉग) ४ जीबी. डेबियन स्वतः ८ जीबी. आणि १३ जीबी माझीच चूक: दोन वर्षांच्या स्नेहसंमेलनाचे फोटो "सुरक्षित राहतील" म्हणून मी याच मशीनवर ठेवले होते. अधिक तो ११ जीबीचा लॉग. बेरीज बरोबर २१७.

लॉगची जागा: हो, बदलली होती. मुख्याध्यापकांना अधूनमधून कोणती पानं उघडली जातात ते दाखवायचं असतं, म्हणून मी ॲक्सेस.लॉग आणि कॅश.लॉग दोन्ही शाळेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये नेले. त्याचा फिरवण्याशी काही संबंध असेल हे ध्यानातच आलं नाही.

कॅश_मेम ३ जीबी. मला वाटायचं स्क्विडने एकूण मेमरी किती वापरायची ते तिथे सांगायचं असतं.


पेजेची_वाटी
रविवार, सकाळी ९:२०

बाईंनू, आमच्याकडे पण असाच झाला होता. मी वेंगुर्ल्याजवळ एका वाचनालयाचं बघतो. माका तर डिस्क अर्धी रिकामी दिसत होती आणि तरी "जागा नाही" म्हणून सांगत होता. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी डीएफ -आय करून बघितलं तर आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले. बारीक बारीक लाखो फाइली, प्रत्येकीला एक आयनोड लागतो, आणि त्यांची संख्या फाइल सिस्टम बनवताना ठरते. तुमच्याकडे मोठ्या फाइली आहेत म्हणून तो त्रास नसेल, पण एकदा बघून ठेवा.

जांभा_दगड दादांच्या रॅमच्या हिशेबात थोडी दुरुस्ती सुचवतो. जीबीमागे १४ एमबी हा आकडा लहान वस्तू धरून आहे, स्क्विड स्वतः सरासरी १३ केबी मानतो. सूची वस्तूंच्या संख्येवर वाढते, आकारावर नाही. बाईंच्या कॅशमध्ये विंडोजच्या अपडेटचे मोठे तुकडे असणार, त्यामुळे वस्तू कमी आणि सूची लहान. स्क्विडची आकडेवारी सांगणाऱ्या स्क्विडक्लायंटला एमजीआर:इन्फो विचारा, त्यात एका वस्तूचा सरासरी आकार येतो.


जांभा_दगड
रविवार, सकाळी १०:०२

मान्य, तिथे माझं चुकलं. आमच्या कॉलेजात सगळा लहान वस्तूंचा कारभार होता, तोच हिशेब मी इथे लावला.

पण मग दुखणं आणखी स्पष्ट झालं. कॅश_मेम म्हणजे स्क्विडची एकूण मेमरी नव्हे, मॅडम. रॅममध्ये ताज्या वस्तू ठेवायला दिलेली ती जागा. सूची, जोडण्या, स्वतः प्रोग्रॅम हे सगळं त्याच्या वर. ४ जीबीच्या मशीनवर ३ जीबी त्यालाच दिलीत तर बाकी सगळं स्वॅपवर (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जाणार, आणि स्वॅप त्याच फिरत्या डिस्कवर जिच्यावर कॅश आहे. म्हणून अक्षर उमटायला वेळ लागतो. ५१२ एमबी करा, जास्त नको.

आता लॉग. /ईटीसी/लॉगरोटेट.डी/ मध्ये स्क्विडची फाइल उघडून बघा. तिच्यात /व्हार/लॉग/स्क्विड/ मधल्या लॉगचाच पत्ता असतो. तुम्ही दोन्ही लॉग तिथून हलवले. लॉगरोटेटला तिथे काही सापडत नाही, आणि "नसेल तर राहू दे" अशी सूचना त्याच फाइलमध्ये असल्यामुळे तो तक्रारही करत नाही. गुपचूप पुढे जातो.

आणि यातली दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली म्हणून नीट सांगतो. लॉग फिरवून झाल्यावर तीच फाइल स्क्विड -के रोटेट चालवते. त्याने नुसते लॉग फिरत नाहीत. स्पूलमध्ये स्वॅप.स्टेट नावाची एक फाइल असते, कॅशची खतावणीच म्हणा. वस्तू आली की एक नोंद, गेली की आणखी एक नोंद. रोटेट झालं की स्क्विड ती खतावणी नव्याने लिहितो, फक्त आत्ता हजर असलेल्या वस्तूंची. तुमच्याकडे रोटेट कधी झालंच नाही, म्हणून चौदा महिन्यांत येऊन गेलेल्या प्रत्येक वस्तूच्या नोंदी तिथे पडून आहेत. लाईट अचानक गेली की खतावणी अर्धवट राहते. स्क्विड उठल्यावर तो पहिल्या नोंदीपासून सगळं वाचून कॅशची सूची पुन्हा जुळवतो. कॅश.लॉगमध्ये "रीबिल्डिंग स्टोरेज" आणि पुढे कंसात "डर्टी लॉग" असं दिसेल. नीट बंद केला असेल तर तिथे "क्लीन लॉग" येतं आणि काम पटकन होतं. तुमची पंचवीस मिनिटं तिथे जातात.

तेव्हा लॉगरोटेटच्या फाइलमध्ये तुमच्या फोल्डरचा पत्ता टाका. लॉगरोटेट -डी ने काही न बदलता नुसती रंगीत तालीम होते, ती करून बघा, मग -एफ ने एकदा जबरदस्तीने फिरवा. स्वॅप.स्टेटचा आकार आधी आणि नंतर इथे लिहा, मला उत्सुकता आहे.

जर्नलला जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये सिस्टममॅक्सयूझ २०० एमबी करा. आणि एक बघा: लॉगमध्ये कोणत्या ओळी सर्वात जास्त आहेत? १८ मशीनना चौदा महिन्यांत ११ जीबी जरा जास्तच वाटतात.


खाडीकाठची_शाळा
रविवार, दुपारी ४:३५

सगळं केलं. पाऊस धरलेला, लाईट दोनदा गेली, तरी केलं.

स्वॅप.स्टेट आधी २१० एमबी, रोटेटनंतर ३४ एमबी. जागेच्या दृष्टीने किरकोळ, पण दुसऱ्यांदा लाईट गेली ती याच्यानंतर, आणि स्क्विड चार मिनिटांत वर आला. मी घड्याळ लावून बसले होते.

एका वस्तूचा सरासरी आकार ४०४ केबी निघाला, एकूण वस्तू पावणेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे पेजेची_वाटी यांचं बरोबर. कॅश_मेम ५१२ केल्यावर मशीन एकदम हलकं झालंय.

लॉग मोजला (फिरवलेल्या फाइलवर, पुसलेला तर गेलाच). निम्म्याहून जास्त ओळी टीसीपी_डिनाइड, म्हणजे स्क्विडने नाकारलेल्या मागण्या. सगळ्या एकाच पत्त्यावरून. शोधत गेले तर ऑफिसमधल्या संगणकावर प्रिंटरबरोबर आलेला एक प्रोग्रॅम सेकंदाला तीन-चार वेळा बाहेर जायचा प्रयत्न करतो, मी बंद केलेल्या पत्त्याकडे. नकार मिळाला की पुन्हा. रात्रंदिवस. काढून टाकला. उरलेल्यांत जवळजवळ सगळ्या टीसीपी_टनेल.

आता विचारते: मर्यादा किती ठेवू? वेगळी डिस्क घ्यायला शाळा हजारभर रुपये देईल, त्याहून जास्त नाही. माझ्या घरी लॅपटॉपमधून काढलेली १२० जीबीची एसएसडी पडून आहे, ती चालेल का?


जांभा_दगड
रविवार, सायंकाळी ६:१०

टीसीपी_टनेल म्हणजे एचटीटीपीएस. ते बंद पाकीट आहे, स्क्विड ते इकडून तिकडे पोचवतो, आतलं वाचत नाही आणि साठवतही नाही. तेव्हा आजच्या दिवसात कॅशमध्ये येतं ते साध्या एचटीटीपीवरचं, म्हणजे तुमच्याकडे डेबियनची पॅकेजं आणि विंडोजची अपडेटं. आणि गेल्या वर्षीचं अपडेट आता कोणतं मशीन मागणार आहे? १८१ जीबीमधला मोठा भाग पुन्हा कधी कोणी मागणारच नाही असा माल आहे. १ टीबी घेऊन तोच साठवत बसण्यात काही हशील नाही.

एसएसडी उत्तम. पूर्ण एसएसडी स्क्विडला द्या, /व्हार/स्पूल/स्क्विड या फोल्डरच्या जागी जोडा (माउंट करा), आणि प्रत्येक वाचनाची वेळ लिहिली जाऊ नये म्हणून नोएटाइम लावा. १२० जीबी म्हणजे हाती ११०. २० टक्के सोडून ८८. तुम्ही ८०००० लिहा आणि निश्चिंत राहा. आता कॅश कितीही भरला तरी सिस्टम आणि लॉग वेगळ्या डिस्कवर, एकाचं पाणी दुसऱ्याच्या घरात जाणार नाही.

माउंट करण्यापूर्वी /व्हार/स्पूल/स्क्विड हा रिकामा फोल्डर रूटच्या मालकीचा ठेवा, प्रॉक्सी युजरच्या नाही. एसएसडी माउंट झाल्यावर तिच्या आतला मूळ फोल्डर मात्र प्रॉक्सीच्या नावे करा. एखाद्या दिवशी एसएसडी माउंट झाली नाही तर स्क्विडला तिथे लिहिता येणार नाही आणि तो उठणारच नाही. हेच आपल्याला हवं आहे. नाहीतर तो मुकाट जुन्या डिस्कवर फोल्डर बनवून तीच भरायला लागेल, आणि तुम्हाला कळेल तेव्हा पुन्हा आठवीचा तास असेल.

जुना कॅश नव्या डिस्कवर आणत बसू नका. स्क्विड बंद, जुन्या स्पूलचं नाव बदला, एसएसडी माउंट, कॅशचे रिकामे फोल्डर बनवायला स्क्विड -झेड, मग चालू. जुना फोल्डर रात्री सावकाश पुसायला लावा, पावणेपाच लाख फाइली आहेत, वेळ घेईल.

कॅशमधून आधी काय काढायचं ते ठरवणारी कॅश_रिप्लेसमेंट_पॉलिसी हीप एलएफयूडीए करा. जे जास्त वेळा मागितलं जातं ते मोठं असलं तरी ती टिकवते, तुमच्या अपडेटना तीच योग्य. ही ओळ आणि मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझची ओळ, दोन्ही कॅश_डिरच्या वर हव्यात. खाली लिहिल्या तर त्या कॅश_डिरला लागू होत नाहीत. स्क्विड -के पार्स करून, म्हणजे कॉन्फिग तपासून, मगच चालू करा.

आणि मॅडम, फोटो तिथून हलवा. खाऱ्या हवेत त्या डिस्कचं काय सांगता येत नाही.


पेजेची_वाटी
रविवार, सायंकाळी ६:४०

इन्व्हर्टरवर घेतलात तर आणखी बरं. आमच्याकडे वाचनालयाच्या दोन ट्यूब काढून प्रॉक्सी आणि राउटर त्या लाइनवर टाकले. लाईट जास्त वेळ गेली तर मी हाताने नीट बंद करतो.


खाडीकाठची_शाळा
सोमवार, दुपारी १:१५

शिपाईकाका सकाळी साडेसहाला लॅब उघडून द्यायला आले, म्हणून जमलं. एसएसडी बसली. केबिनेट उघडलं तर आतले स्क्रू गंजलेले, जुन्या डिस्कच्या केबलचं टोक हिरवट पडलेलं. ते पुसून साफ केलं. पार्स करताना ओळी वाचल्या तेव्हा एक चूक दिसली, एलएफयूडीएची ओळ मी खालीच लिहिली होती, वर घेतली.

पहिला तास वेळेवर झाला. कॅश रिकामा, त्यामुळे सुरुवातीला सगळं बाहेरूनच येत होतं. डेबियनच्या सात मशीनवर मुलांकडूनच अपडेट चालवून घेतलं, एकामागून एक. पहिल्या मशीनला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्याला दोन. मुलांना लॉग पडद्यावर दाखवला, टीसीपी_मिस (बाहेरून आणलेलं) कुठे संपतं आणि टीसीपी_हिट (कॅशमधून दिलेलं) कुठे सुरू होतं ते त्यांनीच शोधलं.

आत्ता डीएफ: एसएसडीवर ३ टक्के. जुन्या डिस्कवर पुसण्याचं काम अजून चालू आहे, ७१ टक्क्यांवर आलंय. फोटो पेन ड्राइव्हवर आणि एक प्रत माझ्या घरी. इन्व्हर्टरचं मुख्याध्यापकांशी उद्या बोलते.

जांभा_दगड दादा, पेजेची_वाटी दादा, मनापासून आभार. देवगडला कधी आलात तर शाळेत या, मुलांना तुम्हाला भेटायचं आहे.